देशभर, देशभरात, देशव्यापी

वर्तमानपत्राच्या डेस्कवर नवा होतो तेव्हाची गोष्ट. रात्रपाळी, डाक आवृत्तीचं पान सोडायची घाई आणि समोर एजन्सीची इंग्रजी कॉपी. एका औषधाची बातमी होती. त्यात ‘नेशनवाइड’ हा शब्द दोनदा आला होता. पहिल्या ठिकाणी मी लिहिलं, ‘हे औषध आता देशव्यापी मिळणार’. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं, ‘कंपनीचे देशभर तीन कारखाने आहेत’. मुख्य उपसंपादकांनी दोन्ही ओळींखाली लाल रेघ मारून कागद परत सरकवला.

“औषध देशव्यापी मिळत नाही, देशभर मिळतं. आणि कारखाने देशभर नाहीत, देशभरात आहेत.”

“सर, एका ‘त’नं काय फरक पडतो?”

“तीन कारखान्यांनी देश कसा भरेल रे? घरी जाऊन विचार कर. आता पान सोड.”

विचार करायला बरीच वर्षं गेली. तो ‘त’ काय करतो ते आधी सांगतो, कारण एरवी सोपा वाटणारा हा इंग्रजी शब्द उलगडायची किल्ली तिथेच आहे.

‘दिवसभर पाऊस पडला’ आणि ‘दिवसभरात दोन सरी आल्या’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात पावसानं सगळा दिवस व्यापला, मध्ये उघडीप नाही. दुसऱ्यात दिवस ही नुसती चौकट आहे. तिच्या आत कुठेतरी, केव्हातरी दोन सरी येऊन गेल्या. आई मुलाला विचारते, “दिवसभरात काय केलंस?” तेव्हा ती बेरीज विचारत असते. “दिवसभर काय करत होतास?” असं विचारते तेव्हा पोराची धडगत नसते. हाच न्याय देशाला लावा. पाऊस देशभर पडतो. संग्रहालयं, कारखाने, अपघात हे देशभरात असतात किंवा होतात, म्हणजे देश या चौकटीत मोजले जातात. इंग्रजीला हा भेद एका शब्दात दाखवता येत नाही. तिथं ‘नेशनवाइड’ पावसालाही लागतो आणि तीन कारखान्यांच्या बेरजेलाही. वाचणाऱ्यानं संदर्भावरून समजून घ्यायचं. आपल्याकडे एक अक्षर ते काम करतं आणि आपण ते अक्षर कुठेही टाकतो. आज बातम्यांत ‘देशभरात’ सरसकट येतं, जिथं ‘देशभर’ पुरेसं असतं तिथंही. ‘घरभरात पसारा’ असं मात्र अजून कुणी म्हणत नाही. घर स्वतःच्या डोळ्यांसमोर असतं म्हणून असेल.

आता मूळ शब्दाकडे. ‘नेशन’ला ‘वाइड’ जोडला की ‘नेशनवाइड’. पूर्वी मध्ये छोटी आडवी रेघ देत, आता सलग लिहितात. ‘वाइड’ म्हणजे रुंद, पण शब्दाच्या शेपटाला लागला की त्याचा अर्थ ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत’ असा होतो. सिटीवाइड, स्टेटवाइड, वर्ल्डवाइड ही सगळी एकाच घरातली भावंडं. मराठीत या शेपटाला तंतोतंत जोड म्हणजे ‘भर’: गावभर, राज्यभर, देशभर, जगभर. उच्चाराची एक गंमत इथंच सांगून टाकतो. ‘नेशन’चं विशेषण होताना स्वर बदलतो आणि ‘नॅशनल’ होतं. त्या सवयीनं पुष्कळ जण ‘नॅशनवाइड’ म्हणतात. तसं नाही, या जोडशब्दात ‘नेशन’ जसाच्या तसा राहतो.

‘नेशन’ आला लॅटिनमधून. त्याच्या मुळाशी ‘जन्मणे’ या अर्थाचं क्रियापद आहे, म्हणजे एका कुळात जन्मलेले ते एक नेशन. संस्कृतातला ‘जन्’ धातू त्याच प्राचीन मुळाचा, आणि ‘जाति’ हा शब्द त्या धातूपासून बनलेला. म्हणजे नेशन आणि जात हे शब्द दूरचे चुलत भाऊ निघाले. या नात्याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा. शब्दाचा पल्ला मात्र पुढे रक्ताच्या नात्यावरून जमिनीवर आला. ‘नेशनवाइड’मधलं नेशन म्हणजे आज सरळ नकाशा.

‘कंट्रीवाइड’ हा जवळजवळ समानार्थी आहे, तो वापरायला हरकत नाही. ‘क्रॉसकंट्री’ मात्र भलताच. क्रॉसकंट्री शर्यत देश ओलांडून जात नाही, ती रस्ता सोडून शेतातून, माळावरून, चिखलातून धावते. तिथल्या ‘कंट्री’चा अर्थ शहराबाहेरचं रान.

पण ‘देश’ तरी मराठीत कुठं सरळ आहे? कोकणातल्या जुन्या माणसासाठी देश म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडचा, घाटावरचा मुलूख. ‘तो देशावर असतो’ याचा अर्थ तो सातारा, पुणे, सोलापूर अशा बाजूला असतो. देशस्थ त्या देशाचे. देशमुख आणि देशपांडे हे त्याहून लहान देशाचे: त्यांचा अधिकार एका परगण्यापुरता, काही गावांच्या गटावर. आणि मराठीत ‘परदेशी’ म्हटलं की पूर्वी विलायतेचा माणूस नव्हे, उत्तर हिंदुस्थानातून येऊन इथं राहिलेला माणूस डोळ्यांसमोर येई. आडनावाच्या रूपानं तो शब्द अजून आपल्यात आहे. तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या परगण्याच्या कचेरीत कुणी ‘देशभर वसुली झाली’ म्हटलं असतं, तर चार-दोन डझन गावांचा हिशेब पुरा झाला असता. आजचा देशभर म्हणजे लडाखपासून निकोबारपर्यंत. शब्द तोच, मोजमाप बदललं.

‘देशव्यापी’ची तऱ्हा वेगळी. ‘व्यापी’ संस्कृत ‘व्याप्’वरून आलेला. विश्वव्यापी, सर्वव्यापी हे शब्द आपण ईश्वरासाठी वापरत होतो. विसाव्या शतकात संप आणि सत्याग्रह त्या जागी आले. हा शब्द विशेषण आहे, त्याला पुढे नाम लागतं: देशव्यापी संप, देशव्यापी मोहीम. म्हणून औषध देशव्यापी ‘मिळत’ नाही. शिवाय त्यात एक ताकद आहे जी ‘देशभर’मध्ये नाही. जे व्यापतं ते एकजीव असतं. 8 मे 1974 ला रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला, जॉर्ज फर्नांडिस त्याचे नेते होते, आणि 27 मेला तो मागे घेतला गेला. त्याला देशव्यापी म्हणायचं ते नुसतं बऱ्याच राज्यांत गाड्या थांबल्या म्हणून नव्हे, तर एकाच मागणीसाठी एकाच हाकेवर थांबल्या म्हणून. त्याच दिवशी इंदूरला हमालांनी आणि मदुराईला विणकरांनी आपापल्या कारणानं काम बंद ठेवलं असतं, तर संप देशभरात चार-सहा ठिकाणी झाले असते, पण देशव्यापी संप झाला नसता. ‘राष्ट्रव्यापी’ही चालतो, पण तो व्यासपीठावरचा शब्द आहे. स्वयंपाकघरात कुणी म्हणत नाही.

2020 च्या मार्चमध्ये 24 तारखेला रात्री घोषणा झाली आणि ‘देशव्यापी टाळेबंदी’ हे शब्द घराघरांत पोचले. गिरणगावातल्या माणसाला टाळेबंदी वेगळीच माहीत होती. मालकानं गिरणीला कुलूप लावणं म्हणजे टाळेबंदी, आणि इंग्रजीत ते लॉकआउट. लॉकडाउनला मराठी शब्द हवा होता, तो जुन्या कुलपातूनच काढला. निदान ‘देशव्यापी’ तरी त्या वेळी पुरेपूर खरं होतं.

सगळ्यात सुंदर शब्द मात्र ‘अखिल’. अखिल भारतीय हे पाट्यांवर इतकं वाचलं आहे की त्यात काही दिसेनासं झालंय. संस्कृतात ‘खिल’ म्हणजे दोन लागवडीच्या शेतांमध्ये पडीक राहिलेला तुकडा, जिथं नांगर फिरलेला नाही. अ-खिल म्हणजे असा एकही तुकडा न सोडलेलं. ‘नेशनवाइड’चा अर्थ मला एका वाक्यात विचारला तर मी शब्दकोश न उघडता हेच सांगेन: मध्ये पडीक ठेवलेलं नाही. पुण्यातलं अखिल मंडई मंडळ पाहून बाहेरगावच्या माणसाला हसू येतं, की मंडईएवढ्या जागेला अखिल कशाला? पण शब्दाच्या हिशेबानं मंडळ अगदी बरोबर आहे. अखिलला आकार लागत नाही, अखंडपणा लागतो. उलट ‘अखिल भारतीय’ लावून एका तालुक्यात बसणाऱ्या संस्थांची नावं आठवून पाहा. मराठी साहित्य संमेलनानं हे बिरुद निदान फिरून कमावलं आहे. 1954 ला ते दिल्लीत भरलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते. 2015 ला पंजाबातल्या घुमानला भरलं, संत नामदेवांच्या गावी.

आता ‘नॅशनल’ आणि ‘नेशनवाइड’ यांची गल्लत. बहुतेक चुका इथंच होतात, आणि त्या फक्त मराठीत होतात असं नाही.

‘नॅशनल’ दर्जा सांगतो, ‘नेशनवाइड’ पसारा. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान राष्ट्रीय आहे, पण त्याचं शंभर-सव्वाशे चौरस किलोमीटरचं रान मुंबई आणि ठाण्याच्या हद्दीत संपतं. देशव्यापी उद्यान असूच शकत नाही, तसं झालं तर आपण राहायचं कुठं? पळस्प्याहून न्हावाशेवा बंदराकडे जाणारा रस्ताही राष्ट्रीय महामार्ग आहे आणि तो रायगड जिल्हाही सोडत नाही. राष्ट्रीय आणीबाणीचंही तसंच. संविधानाच्या अनुच्छेद 352 खाली जी आणीबाणी पुकारता येते ती 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीपासून देशाच्या एखाद्या भागापुरतीही पुकारता येते. बोलण्यात तिला राष्ट्रीय म्हणतात, पसारा एखाद्या राज्याएवढाही असू शकतो.

सगळ्यात बोलकं उदाहरण मला एका ढाब्यावर मिळालं. समोर उभ्या ट्रकच्या कपाळावर ठळक अक्षरांत ‘नॅशनल परमिट’. मी ड्रायव्हरला विचारलं, “मामा, म्हणजे कुठंही जाता येतं?” ते हसले. म्हणाले, “आता येतं. आधी कागदावर लिहिलेल्या राज्यांत.” मला वाटलं, ते चेष्टा करताहेत. घरी येऊन 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं अठ्ठ्याऐंशीवं कलम वाचलं. नॅशनल परमिट म्हणजे काय, तर मालवाहू गाडीला भारताच्या संपूर्ण प्रदेशात, किंवा एकमेकांना लागून असलेल्या किमान चार राज्यांत चालवण्याची परवानगी, आणि त्या चारांत आपलं राज्य धरून. म्हणजे महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि तेलंगण एवढ्यावर ट्रक ‘नॅशनल’ होऊ शकतो! कायद्यानं ‘नॅशनल’ लिहिलं, ‘नेशनवाइड’ लिहिलं नाही, आणि त्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत चार राज्यं मावली. 2010 च्या मेपासून साऱ्या देशाचं मिळून एकच शुल्क घेण्याची पद्धत आली, तेव्हा ड्रायव्हरमामांचं ‘आता येतं’ खरं झालं.

इंग्लंडमध्ये हा घोळ आणखी मजेशीर आहे. तिथं बीबीसीचा ‘नेशनवाइड’ नावाचा सायंकाळचा कार्यक्रम 1969 ते 1983 चालला. 1970 ला एका जुन्या सहकारी गृहकर्ज संस्थेनंही हेच नाव घेतलं आणि ती आजही त्या नावानं चालते. पण ब्रिटनमध्ये ‘नेशन’ कुठलं? स्कॉटलंडचा माणूस स्कॉटलंडलाच नेशन म्हणतो, वेल्सचा वेल्सला. तेव्हा तिथं ‘नेशनवाइड’ म्हणजे चारही नेशन मिळून एक, ही समजूत बोलणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यानं आपसात करून घ्यायची.

शब्द कोर्टात गेला की त्याचं हाड मोजलं जातं. अमेरिकेत एखाद्या जिल्हा न्यायाधीशानं सरकारच्या धोरणाला सगळ्या देशासाठी मनाई केली, तर त्या हुकमाला ‘नेशनवाइड इंजंक्शन’ म्हणायची पद्धत होती. 27 जून 2025 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ट्रम्प विरुद्ध कासा या खटल्यात अशा हुकमांना लगाम घातला. निकाल लिहिताना न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी एका तळटीपेत शब्दाचाही निवाडा केला. या हुकमांना ‘नेशनवाइड’ऐवजी ‘युनिव्हर्सल’ म्हणणं बरं, असं त्यांचं म्हणणं. कारण एका फिर्यादीपुरता दिलेला हुकूमही त्या माणसाच्या पाठोपाठ देशात कुठंही लागू असतोच. वाद कुठं लागू याचा नव्हता, कुणाला लागू याचा होता. ‘नेशनवाइड’ फक्त ‘कुठं’चं उत्तर देतो. ‘कुणाला’ विचारलं की तो गप्प.

हाच अनुभव आपण मोबाइलच्या बाबतीत घेतला. नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय 25 नोव्हेंबर 2010 ला हरियाणात सुरू झाली आणि 20 जानेवारी 2011 पासून देशभर. मथळे तसेच आले आणि ते खरेही होते. पण टेलिफोनवाल्यांचा नकाशा राज्यांचा नाही, 22 सर्कलचा. मुंबई एक सर्कल, उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. नंबर नेता येई तो आपापल्या सर्कलच्या आत. पुण्याहून बंगळुरूला बदली झाली की जुना नंबर एकतर सोडा, नाहीतर रोमिंगवर पोसा. माझ्या एका भाचीनं त्या काळात दोन फोन बाळगले, एक आईसाठी आणि एक ऑफिससाठी. सोय प्रत्येक सर्कलमध्ये होती, सर्कल ओलांडून नव्हती. म्हणजे देशभर होती, देशव्यापी नव्हती. ती भिंत 3 जुलै 2015 ला पडली, तेव्हा भाचीच्या पर्समधला एक फोन कमी झाला.

रेशनकार्डाची कथा याच वळणाची, फक्त तिथं प्रश्न पोटाचा होता. आपल्या गावच्या दुकानातलं धान्य दुसऱ्या राज्यात मिळावं म्हणून 2019 च्या ऑगस्टमध्ये दोन जोड्या जमवल्या गेल्या: आंध्र आणि तेलंगण ही एक, महाराष्ट्र आणि गुजरात ही दुसरी. योजनेचं नाव पहिल्या दिवसापासून ‘वन नेशन वन रेशन कार्ड’. नेशन चार राज्यांचं, पुन्हा जोडीबाहेर जायचं नाही. पुढे एकेक राज्य येत गेलं आणि 2022 च्या जूनमध्ये शेवटी आसाम आला. तोवर मधल्या महामारीत लाखो मजूर कुठल्या राज्यातून कुठं चालत गेले ते आपण पाहिलंच. नावात ‘नेशन’ आधी येतं आणि ‘वाइड’ मागाहून, पायी.

नांगर न फिरलेला तुकडा शोधायची सवय लागली की तो सगळीकडे दिसायला लागतो. स्वातंत्र्यानंतर संसदेनं केलेल्या कितीतरी कायद्यांच्या पहिल्याच कलमात लिहिलेलं असे की हा कायदा जम्मू-काश्मीर राज्य वगळून संपूर्ण भारतभर लागू आहे. ‘संपूर्ण’ आणि ‘वगळून’ एकाच वाक्यात, आणि कायद्याच्या विद्यार्थ्याला त्यात काही खटकत नसे. 31 ऑक्टोबर 2019 ला त्या राज्याची पुनर्रचना अमलात आली आणि ते ‘वगळून’ निघालं. जीएसटी 1 जुलै 2017 च्या मध्यरात्री देशभर आला असं आपण म्हणतो. जम्मू-काश्मीरमध्ये तो 8 जुलैला आला.

मुंबईनं तर साक्षात वेळेचा तुकडा पडीक ठेवला होता. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. रेल्वे आणि तारखात्यानं ती पाळली. मुंबईकरांना मात्र ती सरकारनं लादलेली वाटली आणि त्यांनी आपला ‘बॉम्बे टाइम’ सोडला नाही. तो प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. स्टेशनवरचं घड्याळ एक सांगे, शहरातली कितीतरी घड्याळं दुसरं, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही वर्षं हा कारभार पुरता मिटला नव्हता. देशव्यापी वेळेत एवढं मोठं शहर खिल म्हणून राहिलं.

मग खरोखर अखिल असं काही आहे का? टपाल आहे. 1854 च्या ऑक्टोबरपासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा हा दर कंपनी सरकारच्या मुलखात ठरला, पत्र कितीही लांब जावो. त्याआधी अंतराप्रमाणे पैसे पडत. पाठवणाऱ्याच्या दृष्टीनं सारा मुलूख अर्ध्या आण्याच्या अंतरावर आला.

त्याच खात्यात एक मराठी माणूस होता, श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारा अधिकारी. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते आणि वाचता न येणारी अक्षरं यांतून पत्र वाट काढणार कसं, याचं उत्तर त्यांनी सहा आकड्यांत बसवलं. 15 ऑगस्ट 1972 ला पिन कोड सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा त्यातला उपविभाग, तिसरा जिथं टपालाची वर्गवारी होते तो जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. देशाचे आठ विभाग केले आणि नववा आकडा लष्करी टपालाला दिला, कारण जवानाचा पत्ता नकाशावर स्थिर नसतो. त्यालाही सोडलं नाही.

सदाशिव पेठेचा पिन कोड 411030. दादरचा 400014. लेहचा 194101. पोर्ट ब्लेअरचा 744101. लक्षद्वीपातल्या कवरत्तीचा 682555.